नाव शेवटी लिहायचं

२०२३ साल, जुलैमधला दुसरा शनिवार. घाटकोपरला पिठाच्या गिरणीवरच्या हॉलमध्ये क्षमाताईंनी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं : नाव शेवटी लिहायचं.

"काय दिसलं, काय ऐकलं, ते आधी लिहा," त्या म्हणाल्या. "मुलाचं नाव, पत्ता, शाळा शेवटी. इथे बोलतानाही नाव घ्यायचं नाही. नाव आलं की घर ओळखीचं होतं आणि आपला हात थांबतो."

हॉलमध्ये बावीस जणी होत्या. पाळणाघरवाल्या, बालवाडीच्या बाई, दोन नर्स. मुलावर घरात अत्याचार होत असेल तर तो ओळखायचा कसा आणि कळवायचा कुठे, हे शिकायला आलेल्या. जया मागच्या रांगेत होती.

एप्रिलपासून ती पार्ल्याला रत्नप्रभाबाईंच्या पाळणाघरात काम करत होती. बाई जुन्या पार्लेकर. दुपारची मुलं उठेनाशी झाली की म्हणायच्या, "पूर्वी कारखान्यातून बिस्किटांचा वास यायचा, पोरं आपली आपण उठायची." मायाळू होत्या, पण भित्र्या. जयाला पाठवताना त्यांनी बजावलं होतं, "सर्टिफिकेट आण, भानगड आणू नकोस. आणि अंधेरीची बॅच सोडून घाटकोपर कशाला गं?"

"तिथल्या ताई चांगलं शिकवतात म्हणे."

जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनीच घरी फोन केले. कुणी गॅस बंद केला का विचारलं, कुणी सासूच्या गोळ्यांचं. क्षमाताईंनी डबा उघडता उघडता विचारलं, "नितेश, कुकर लावलास का रे? जेवून घ्या वेळेवर."

जयाने डबा उघडलाच नाही. बाकीच्या जणी हात धुवायला गेल्यावर ती टेबलाशी आली.

"ताई, एक मुलगी आहे. पाच वर्षांची."

"बसा. नाव नको."

"दुपारी झोपताना बूट काढू देत नाही. कपडे ओले झाले तरी बदलू देत नाही. सोमवारी जास्त. मंगळवार-बुधवारपर्यंत जरा मोकळी होते."

क्षमाताईंनी डबा बाजूला सारला. "म्हणजे शनिवार-रविवारचं काहीतरी. घरी कोण असतं?"

"घरातलंच एक माणूस. आई शनिवारी कामाला जाते."

"मुलगी काही बोलली?"

जयाने आवाज खाली आणला. "आई गेली की एक खेळ असतो म्हणाली. तो खेळ सांगितला तर आई परत येणार नाही, असं तिला सांगून ठेवलंय."

क्षमाताईंनी पिशवीतून कोरा अर्ज काढला.

"मग थांबलाय कशासाठी?"

"नोकरी जाईल. बाईंनी सांगितलंय तसं." जया अडखळली. "आणि आधी आईच्या कानावर घालावं असं वाटतं. भेट कधी झाली नाही, मुलीला सोडायला तेच माणूस येतं. प्रवेशाच्या अर्जावर फोटो पाहिलाय फक्त. पण बाई चांगली वाटते."

"असेलही. तरी आधी आईला सांगायचं नाही."

"का पण?"

"आई म्हणेल, आमच्या घरात असलं काही नाही. सगळ्या तेच म्हणतात. मग त्या माणसाला विचारेल, तो हसून उडवेल, आणि सोमवारपासून मुलगी यायची बंद. पुढे तिला विचारणारं कुणी नाही."

"तुम्ही त्या आईच्या जागी असता तर?"

क्षमाताई किंचित हसल्या. "मीही तेच म्हटलं असतं, जया. म्हणून तर सांगते. घ्या, लिहा."

"घरी जाऊन लिहू?"

"घरी गेलात की चार जणं मिळून तुमचं मन वळवतील. इथे लिहा. माझ्यासमोर."

जया लिहू लागली. बूट. ओले कपडे. सोमवार. खेळ. क्षमाताईंनी दोन ठिकाणी शब्द सुधारून दिले. 'मला वाटतं' खोडून 'मुलगी म्हणाली' करायला लावलं. खाली गिरणी सुरू झाली, टेबल थरथरू लागलं.

"आता नाव," क्षमाताई म्हणाल्या.

जयाने पेन उचललं, ठेवलं, परत उचललं. मुलीचं नाव लिहिलं. पत्ता लिहिला. त्या माणसाचं नाव लिहिलं. कागद फिरवून पुढे सरकवला.

"वाचा, ताई."

क्षमाताईंनी चष्मा लावला.

फोन त्याच टेबलावरून गेला, आणि क्षमाताईंनीच लावला. मुलांच्या मदतीचा तो चार आकडी नंबर सकाळपासून त्यांनी बावीस जणींकडून दहादा वदवून घेतला होता. त्यांचा स्वतःचा मात्र दोनदा चुकला.

रत्नप्रभाबाईंचं पाळणाघर बंद पडलं नाही. दोन महिने त्या जयाशी बोलल्या नाहीत, मग एक दिवस तिच्यासाठी थालीपीठ घेऊन आल्या. जया अजून तिथेच आहे. दर जूनला नवीन बायकांना तीच शिकवते, की नाव शेवटी लिहायचं. नितेशवरचा खटला अजून चालू आहे. मनाली आता दुसरीत गेली, दुपारी बूट काढून झोपते. क्षमाताई प्रशिक्षणं घेतात, पण सोमवार ते शुक्रवार. शनिवारी मनालीला शाळा नसते, आणि ती आईला घराबाहेर पडू देत नाही.