सहीचा रकाना

गेल्या वर्षी बाईंनी एका मुलाला भर वर्गात वडिलांबद्दल विचारलं होतं. तो जो रडला, ते त्यांच्या मनाला लागून राहिलं. म्हणून यंदा पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "घरी कोण आहे, कोण नाही, हे मला कुणी सांगायचं नाही. डायरीत घरच्या मोठ्या माणसाची सही आणा, बस्स."

तिसऱ्या बाकावरच्या मुलीच्या डायरीत आधी आईची सही यायची. मग मावशीची यायला लागली. मग वेड्यावाकड्या अक्षरांत आजीची. बाई लाल पेनाने खूण करून डायरी परत द्यायच्या.

पालकसभेला ती एकटीच आली आणि मोठ्यांच्या खुर्चीत बसली.

"आजी नाही आल्या?"

"तिला उठवत नाही. सहामाहीपासून अंथरुणातच आहे. हातसुद्धा हलत नाही तिचा."

"मग सही?"

"मीच करते."

"आणि स्वयंपाक? आजींचं सगळं?"

"मीच."

बाईंचा आवाज चढला. "अगं, मग मला सांगायचं नाही का?"

मुलगी घाबरून उभी राहिली.

"तुम्हीच म्हणाला होतात ना बाई, सांगायचं नाही म्हणून. मी कुण्णालाच नाही सांगितलं."