वाळू खाल्ली

कप्तान दुआर्तीने मेंदोच्या हातातून नकाशा काढून घेतला, तेव्हा डेकवरची सगळी माणसं हातातली कामं टाकून बघत राहिली.

"तेर्सैरा बेट आज सकाळी दिसणार होतं," कप्तान म्हणाला. "कुठाय? खिशात घालून ठेवलंयस का?"

कोणीतरी फिसकन हसलं. मेंदो गोदीन्यू एकतीस वर्षं जहाजांना वाट दाखवत आला होता. आफ्रिकेचा किनारा सोडून खोल समुद्रातून वळसा घेत लिस्बनला परतायचं, तर जहाजावर मेंदो हवा असं बंदरात म्हणत. आता तो खाली मान घालून उभा होता.

"बेट धुक्यात मागे राहिलं. दुपारी जहाज मागे फिरवा," कप्तानाने हुकूम सोडला. "पाणी तीन दिवसांचं उरलंय. आणि तू रे म्हाताऱ्या, नकाशा तुला झेपत नाही. जा, माशांची पिंपं घासत बस."

रात्रीच्या पहाऱ्याला घड्याळ सांभाळणारा पोरगा ब्राझ शिडाच्या दोराशी उभा होता. बेट मागे राहिलं नव्हतं. ते पुढेच होतं, आणि अख्ख्या जहाजावर हे त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

कारण ब्राझने वाळू खाल्ली होती. हा खलाशांचाच शब्द. अर्ध्या तासाचं वाळूचं घड्याळ. वरची वाळू पुरती गळायच्या आतच ते उलटं करून टाकायचं. आठदा उलटलं की पहारा संपतो, आणि तितकं लवकर अंग टाकता येतं. दर वेळी उलटताना सगळ्यांना ऐकू जाईल असं मारियामातेचं नाव घ्यायचं, म्हणजे मोजणाऱ्याला कळतं. या मोजणीवरूनच मेंदो जहाज किती पुढे आलं ते नकाशावर मांडायचा. नऊ दिवस आभाळ गच्च होतं. ना सूर्य, ना तारा. बिचाऱ्याला दुसरा आधारच नव्हता. जहाज कागदावर बेटाला लागलं होतं, पाण्यावर नाही. आणि प्रत्येक लबाडीला ब्राझने मारियामातेचं नाव कसं खणखणीत घेतलं होतं! आठवून त्याचे कान तापले.

मेंदो खरोखरच पिंपं घासायला बसला होता. ब्राझ त्याच्याजवळ जाऊन उकिडवा बसला.

"काका."

"बोल."

"मी वाळू खाल्ली. रात्रीच्या पहाऱ्याला."

मेंदोचा हात थांबला. आता थोबाडीत बसणार म्हणून ब्राझने डोळे मिटून घेतले. म्हाताऱ्याने मासळीच्या पाण्याने ओले झालेले दोन्ही हात त्याच्या गालांवर ठेवले.

"म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे!" तो म्हणाला. "अरे, रोज पहाट उशिरा व्हायची रे. मोजणीप्रमाणे एव्हाना उजाडायला हवं, अजून काळोख कसा? मनात म्हटलं, संपलं मेंदो, बुद्धी चळली तुझी. चार रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "देव तुझं भलं करो, पोरा."

याने कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं, असं ब्राझला वाटलं.

"किती खाल्लीस? एका पहाऱ्यात किती वेळा?"

तीनदा. रोज तीनदा, कधी चुकवलं नाही. पण म्हाताऱ्याचे हात अजून त्याच्या गालांवर होते.

"एकदा," ब्राझ म्हणाला.

मेंदोने बोटांवर मोजलं. "नऊ रात्री, नऊदा. म्हणजे बेट आज संध्याकाळी! चल, ऊठ."

त्याने ब्राझला दंडाला धरून जवळजवळ ओढतच कप्तानासमोर नेलं.

"बेट पुढेच आहे," मेंदो म्हणाला. "घड्याळ लवकर उलटलं जात होतं. दिवस मावळायच्या आत जमीन दाखवतो."

"कोण उलटत होतं?"

"ते विचारू नका. त्याने आपण होऊन सांगितलंय. चाबूक डोळ्यांपुढे असताना खरं बोलायला छाती लागते."

कप्तानाने ब्राझच्या दंडावरच्या त्या हाताकडे पाहिलं.

"आणि नाही दिसली तर?"

"तर मला डोलकाठीला टांगा."

"टांगीन," कप्तान म्हणाला. "संध्याकाळपर्यंत थांबतो. त्यानंतर एक क्षण नाही. जहाज मागे फिरलंच समज." त्याने नकाशा पुढे केला. मेंदोने तो पिंपावर पसरला आणि एका जागी बोट टेकवलं.

"आपण इथं आहोत."

ब्राझ त्या बोटाकडे बघत राहिला. संध्याकाळ होईल, समोर नुसतं पाणी असेल. बेट रात्रभराच्या वाटेवर राहील आणि जहाज पाठ फिरवेल. त्याआधी या माणसाच्या गळ्यात दोर पडेल.

"तीनदा," तो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की तो शेजारच्या मेंदोलाच काय तो ऐकू गेला.

मेंदोने त्याच्या दंडावरचा हात काढून घेतला. नकाशावरचं बोट हळूहळू मागे, मावळतीकडे सरकलं, बरंच सरकलं, आणि थांबलं.

"चुकलो," तो कप्तानाला म्हणाला. "उद्या सकाळपर्यंत वेळ द्या."

"आत्ता तर संध्याकाळ म्हणालास!"

"मोजताना गफलत झाली. माझीच."

कप्तान दात-ओठ खात उभा राहिला. मग तीन दिवसांच्या पाण्याचा विचार करून त्याने मान हलवली. "उद्या सकाळ. शेवटचं."

मेंदोने नकाशा गुंडाळला. ब्राझ एका हाताच्या अंतरावर उभा होता. त्याच्याकडे न बघता मेंदो सुकाणूवाल्याला म्हणाला, "आज रात्री घड्याळापाशी मी बसतो."