तेच मलम

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या तलावात पोहून झालं की गेसिना आणि मी, सत्तरीच्या दोघी विधवा, ओल्या कपड्यांतच कॉफी पीत बसायचो. शेवटी दोघींनाही नको तिथे खाज सुटली. औषधाच्या दुकानातली पोरगी गेसिनाला म्हणाली, "ओले कपडे लगेच बदला. तिथे साबण नको, नुसतं पाणी. आणि जोडीदाराला काही त्रास?"

माझ्याहून दोन वर्षांनी मोठी ही बया चक्क लाजली!

मला तेच मलम दिलं, तेच सांगितलं आणि शेवटी विचारलं काय, तर "बाहेरची पायरी दिसेल ना?"

आठवड्यात माझी खाज गेली. तरी लिपस्टिक लावून, गेसिनाला मुद्दाम साक्षीला घेऊन मी पुन्हा दुकानात गेले.

"अजून त्रास आहे?" पोरीने विचारलं.

"मला नाही गं," मी दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जोडीदाराला."