बोबडा सूर

लसीबद्दल लोकांना काय वाटतं ते ऐकून घ्यायचं, आपलं मत द्यायचं नाही, हा शर्वरीच्या संशोधनाचा नियम होता. त्यामुळे मांडीवर बाळ घेऊन सुकट निवडता निवडता यमुनाने तिलाच विचारलं तेव्हा तिची पंचाईत झाली.

"ताई, लहानपणी मला गोवर येऊन गेला, काही झालं नाही. मग याला कशाला टोचायचं?"

शर्वरीने नुसतं यंत्र काढलं. अंगाने ओळखून ठेवलेले आजार ते सुरांत ऐकवायचं. यमुनाच्या मनगटावर गोवराचा सूर खणखणीत वाजला. मग तिने ते बाळाला लावलं.

"अगो बाई, हा तर माझाच सूर! पण इतका बारीक?"

"पोटात असताना तुम्हीच दिलात त्याला. आता सरत आलाय."

यमुना कितीतरी वेळ कान लावून बसली. मग बाळाला कडेवर घेऊन उठली. "माझा पुरला तेवढा पुरला. आता त्याला त्याचा शिकू दे."

बाळाला लस टोचून झाल्यावर महिन्याभराने शर्वरी पुन्हा आली. यमुनाने आपणहून बाळाचा हात पुढे केला. दोघी ऐकू लागल्या.

आईचा सूर जवळजवळ विरला होता. त्याच्याखालून एक नवा सूर उमटत होता, अगदी तसाच, पण बोबडा.