वरच्या मजल्याचं पाणी

"अहो, पाणी आता भिंतीवरून दिव्याच्या बोर्डात शिरतंय!" शिलाईवाल्या बाई फोनवर ओरडल्या.

"आज रविवार आहे, बाई," घरमालक म्हणाले. "संध्याकाळी सात वाजता माणूस कुठून आणू? बादली लावा. उद्या बघू."

"बादल्या भरून वाहतायत हो!"

पण फोन बंद झाला होता.

बाईंनी मेन स्विच पाडला. मोबाइलच्या उजेडात कापडाचे गठ्ठे पलंगावर चढवले. शाळेचे साठ गणवेश सकाळी द्यायचे होते. नवरा गेल्यानंतर मिळालेलं हे पहिलं मोठं काम. महिनाभर डोळ्यांत तेल घालून शिवलेलं. त्यातल्या वीस पांढऱ्या सदऱ्यांवर निळ्या चड्ड्यांचा रंग उतरला होता. आणि आता पलंगावरही टपटप सुरू झाली.

हे सगळं वरच्या मास्तरांमुळे. निवृत्त, एकटा, खडूस माणूस. खाली मशीन सुरू झालं की वरून काठी आपटायचा. काल तर कहरच केला. मशीन बंद, तरी ठकठक चालूच. शेवटी बाईंनी झाडूच्या दांड्यानं छताला तीन ठोसे हाणले, तेव्हा कुठे गप्प बसला. आता पाणी सोडून उट्टं काढत होता मेला.

त्या वर धावल्या. दार बडवलं. आत नळ धो धो वाहत होता.

"मास्तर, पाया पडते तुमच्या, नळ बंद करा! माझं पोट आहे हो त्याच्यावर!"

दाराला आतून कडी होती.

सातआठ नळवाल्यांना फोन केले, तेव्हा एक कसाबसा तयार झाला. अर्ध्या जेवणावरून उठून आलेला, हात अजून ओला.

"गच्चीवरचा व्हॉल्व्ह फिरवतो," तो म्हणाला. "पाणी थांबेल. दाराचं काय ते मालक उद्या बघतील."

"आणि उद्या हा परत नळ सोडेल. नाही. दार उघडा. मला याला तोंडावर विचारायचंय."

"मालकाला न विचारता? उद्या माझ्या गळ्याशी येईल."

"माझं नाव सांगा. म्हणावं, बाईनं फोडायला लावलं. घाला पहार!"

तिसऱ्या दणक्याला आतली कडी निखळली. पाणी घोट्यापर्यंत होतं. बाईंनी पदर खोचला. जिभेवर शिव्या तयार होत्या, दोन वर्षांच्या साठलेल्या. त्यांनी न्हाणीघराचं दार धाडकन ढकललं.

मास्तर भिंतीला डोकं टेकून फरशीवर पडले होते. एक पाय भलतीकडेच वळलेला. ओठ पांढरेफटक. मोरीच्या जाळीत त्यांचाच सदरा गच्च कोंबलेला होता.

नळवाल्यानं पुढे होऊन नळ बंद केला. मास्तरांनी डोळे उघडले. बाईंकडे बघून त्यांचे ओठ हलले, तशा त्या खाली वाकल्या.

"परवापासून पडलोय," मास्तर पुटपुटले. "हाका मारून घसा बसला. म्हटलं, निदान पाणी तरी तुमच्यापर्यंत पोहोचेल."