मोकळं रान

जसोंडी गावच्या गायरानात चौघे जण केळी लावून कुंपण घालत होते. लोटू आडवा आला, म्हणून चौघांनी त्याला कुऱ्हाडीच्या दांड्यांनी मारलं. डोकं फुटलं, हात मोडला, सदरा रक्ताने अंगाला चिकटला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात अमेरिकेहून पुतण्याचा, निरंजनचा, फोन आला.

"काका, इथे आम्ही कालच मतदान केलं. टॅक्स वाढला तरी चालेल, पण मोकळं रान मोकळंच ठेवायचं. सगळं गाव हो म्हणालं. तिकडे लोकांना हे कळत कसं नाही?"

लोटूचे ओठ सुजलेले होते. धुरपदाबाईने नवऱ्याच्या कानापासचा फोन आपल्या हातात घेतला.

 

"बेटा, तुझ्या बापाच्या कुऱ्हाडीचा दांडा मी उचलून आणलाय. घेऊन जा म्हणावं त्याला, तुझ्या नावाने लावलेल्या केळीचं कुंपण अजून अर्धंच झालंय."