रविवारची नांगरट

वीस वर्षं त्याने ती जमीन वाट्याने कसली. मालक वारल्यावर त्यांच्या मुलीने तिथे पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आणि त्याला पगारावर ठेवलं. दर रविवारी पाहुण्यांसमोर उरलेल्या पट्ट्यात नांगर चालवायचा, बस्स. “पेरायचं काय, ताई?” “काही नाही काका, नुसतं नांगरायचं.” पाहुणे टाळ्या वाजवायचे, घरी बायकोने “आज काय केलंत?” विचारलं की तो बावचळायचा. एका सोमवारी न राहवून त्याने पट्ट्यात मका पेरला. रविवारी बैल जुंपून आला तर कोवळे कोंब ओळीने वर आलेले. पाहुणे मोबाइल सरसावून उभे. “चालवा ना काका!” ताई म्हणाल्या. पगार ताईंचा, जमीन ताईंची, मग हात का अडतोय, त्यालाच उमगेना. शेवटी त्याने बैल सोडले. “आता पाहुण्यांना दाखवू काय?” ताई वैतागल्या. तो गोंधळून म्हणाला, “शेत आहे की.”